लिफ्टवाली बिल्डिंग

माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी ब्रह्मपुरीच्या बाजारात भेटेल त्याला एकच गोष्ट सांगितली. जावई किती शिकला, नोकरी कुठे करतो, हे कुणी विचारलं तर सांगायचे. न विचारता सांगायचे ते एवढंच, की पोरगी लिफ्टवाल्या बिल्डिंगीत चालली आहे. लिफ्ट त्यांनी स्वतः कधी पाहिली नव्हती. पण तिच्यात उभं राहिलं की माणूस पाय न हलवता वर जातो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझी आत्या घाबरून म्हणाली होती, "वर म्हंजे कुठी वर, भाऊ? पोरीचं अजून लगन व्हायचं आहे."

वरात चांद्याला जटपुरा दरवाजाबाहेरच्या त्या तीन मजली इमारतीसमोर थांबली. मी शालू, मुंडावळ्या, हातातला नारळ, सगळं सांभाळत आत शिरले. समोरच सागवानी चौकटीत बसवलेलं पितळी जाळीचं देखणं दार होतं. मी ओळखलं, हीच ती. जाऊन दारासमोर उभी राहिले. माझ्यामागे सगळी वरात थांबली. बराच वेळ काहीच झालं नाही. शेवटी नवरा खाली मान घालून पुटपुटला, "जिना इकडून आहे." लग्नानंतर ते माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य.

लिफ्ट नव्हती. लिफ्टची जागा होती. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सरळ उभी चौकोनी पोकळी, आणि प्रत्येक मजल्यावर तिला तसंच जाळीचं दार. महायुद्धाच्या आधी सहा जणांनी मिळून सोसायटी काढली आणि ही बिल्डिंग बांधली. त्यात माझे सासरे होते, जंगलाचे ठेकेदार; शिवाय एक वकील, एक डॉक्टर, एक निवृत्त रेंजर, खाणीतले एक इंजिनिअर आणि कापसाचे एक अडते. सहाही जण आपापला बंगला बांधू शकत होते. पण त्यातलं कुणीतरी मुंबईला जाऊन समुद्रासमोरच्या इमारती पाहून आलं, आणि मग सगळ्यांना तेच हवं झालं. समुद्राला इलाज नव्हता. बाकी सगळं आणलं. गुळगुळीत चिपांची फरशी आली. साखळी ओढली की धो धो पाणी येणारे संडास आले. ते पाहायला म्हणे कचेरीतली माणसं रांगेनं येऊन साखळी ओढून गेली. दाराशी बटण दाबलं की स्वयंपाकघरात घंटा वाजायची. पुढच्या गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत, असा इंग्रजीत टाइप केलेला नियम जिन्यात फ्रेम करून लावला होता. आणि मागच्या बाजूला सफाईवाल्यानं ये-जा करायची म्हणून वेगळा लोखंडी गोल जिना होता. तो जिना मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला फार आवडला. तो कशासाठी आहे हे कळायला दोन वर्षं लागली, आणि कळल्यावरही मी त्याच्या पायऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवत राहिले.

लिफ्ट विलायतेहून निघाली होती, युद्ध लागलं आणि जहाज बुडालं, असं आमच्या घरचं म्हणणं. वकीलसाहेबांच्या मते ती मुंबईच्या गोदीत अडकून पडली. अडत्यांच्या घरी सांगत, की सरकारनं ती वितळवून तोफा ओतल्या. रेंजरसाहेब एकदाच म्हणाले, "मागवलीच नव्हती." त्या वर्षी त्यांच्याकडे हळदीकुंकवाला कुणी गेलं नाही. गावाला मात्र या भानगडीशी देणंघेणं नव्हतं. टांगेवाल्याला "लिफ्टवाली बिल्डिंग" म्हटलं की तो बरोबर आमच्या दाराशी आणून सोडायचा.

ज्यांनी ही सगळी दारं केली ते मिस्त्रीचाचा. सासऱ्यांनी आलापल्लीचा साग आणला आणि चाचांनी त्यातून सहा घरांची दारं-खिडक्या, जिन्याचा कठडा आणि लिफ्टच्या चौकटी घडवल्या. लिफ्ट काही येत नाही म्हटल्यावर त्यांनीच गच्चीखाली एक मोठी कप्पी बसवली आणि दोराला वेताची पाटी बांधली; तळमजल्याच्या जाळीत छातीच्या उंचीवर पाटीपुरती खिडकी कापली. त्या पाटीतून भाजी, दळण, टपाल, एकदा एक मांजर, असं सगळं वर यायचं. आमचा ब्लॉक सर्वांत वरचा, दुसऱ्या मजल्यावरचा. सासूबाईंना दमा, त्या कित्येक वर्षांत खाली उतरल्या नव्हत्या. जाळीच्या दाराशी पाट टाकून बसायच्या आणि त्या पोकळीतून साऱ्या जगाशी संबंध ठेवायच्या.

दर पावसाळ्यात दारं फुगली की चाचा रंधा घेऊन यायचे. खाली उभे राहून वर तोंड करून हाक मारायचे, "बाईसाहेब, हायेत का अजून?"

"हाव, आहो ना. तू काऊन आला? दार फुगलं का तूच फुगला?"

"दोघंबी. पाटी सोडा."

मग पाटीतून पान खाली जायचं आणि सोबत सासूबाईंची चिकणी सुपारी. सासूबाईंचे दात गेले होते. पांढरी कडक सुपारी चावत नसे म्हणून त्या चिकणी ठेवायच्या, उकडून मऊ केलेली, काळी, चकचकीत. चाचांचे दातही सासूबाईंच्या बरोबरीनं गेलेले. तेव्हा या एका बाबतीत दोघांचं एकमत होतं. एरवी ते तासभर भांडायचे, मी आपली मध्ये उभी राहून दोर ओढायची.

आता सोसायटीचा मुख्य नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. ब्लॉक कुणाच्याच मालकीचा नव्हता. तो सोसायटीचा, आपला फक्त हिस्सा. कुणी सोडून गेला आणि नवा माणूस घ्यायचा झाला, किंवा कुणाला पोटभाडेकरू ठेवायचा झाला, तर उरलेल्या सगळ्या घरांची संमती लागायची. एक जरी नाही म्हणाला तरी नाही. आणि नाही कोण म्हणालं हे कुणाला कळता कामा नये, कारण सकाळ-संध्याकाळ त्याच जिन्यावर भेटायचं असतं. चिठ्ठ्या टाकल्या तर अक्षर ओळखू येतं. तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, त्यांच्या आत्म्यास शांती लाभो, जंगलच्या माणसाला सुचेल तोच तोडगा काढला. हो म्हणायचं तर सुपारी टाकायची, नाही म्हणायचं तर बिबा.

मार्कंड्याच्या जत्रेतून आणलेला अरुंद तोंडाचा तांब्याचा एक गडवा होता. प्रत्येक घरानं मूठ झाकून त्यात आपली वस्तू टाकायची. बिब्याचं तेल कातडीला लागलं की तो उततो, मोठे फोड येतात. म्हणून बिबा टाकणारा हाताला रुमाल गुंडाळून येणार. आणि तेवढ्यावरून तो ओळखू येईल म्हणून सुपारीवाल्यांनीही रुमाल गुंडाळून यायचं. सहा सभ्य माणसं हाताला जखम झाल्यासारखी जिन्यानं चालली आहेत, असं ते दृश्य. मग अध्यक्षांनी बॅटरीच्या उजेडात गडव्यात डोकवायचं. सगळं पांढरं दिसलं तर सुपाऱ्या ताटात ओतून वाटून खायच्या. काळं दिसलं तर आत हात घालायचा नाही, चर्चा करायची नाही, गडवा तसाच नेऊन जाळीतून लिफ्टच्या पोकळीत उपडा करायचा. बिब्याला हात कोण लावणार? इतक्या वर्षांत त्या गडव्यातलं काळं कुणी हातात घेऊन पाहिलं नव्हतं.

राज्यांची नवी वाटणी होणार, चांदा मुंबईकडे जाणार, अशी बोलणी चालली होती त्या सुमाराला डॉक्टरांनी नागपूरला जायचं ठरवलं. तळमजल्याचा ब्लॉक रिकामा झाला. आणि त्यासाठी मिस्त्रीचाचांनी अर्ज दिला. त्यांच्या मुलाची आरागिरणी चांगली चालत होती, त्यामुळे ऐपतीचा प्रश्न नव्हता. त्यांचं घर झरपट नदीच्या काठी. दर पावसाळ्यात पाणी घरात शिरायचं. गुडघे धड होते तोवर चाचा पाण्यातून चालत बाहेर पडायचे. आदल्या पावसाळ्यात ते दोन दिवस बाजेवर बसून राहिले आणि शेवटी मुलानं त्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढलं. पाऊस लागायच्या आत त्यांना कोरडी जमीन हवी होती, आणि तीही पायऱ्या न चढता.

सासूबाईंना त्यांनी ही बातमी नेहमीच्या जागेवरून दिली. "बाईसाहेब, खालचा ब्लॉक मागून राह्यलो."

सासूबाईंनी जाळीतून खाली वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे रोज ओरडशील का खालून?"

"ओरडीन ना. तिकडं बाजेवर बसून कोनाले आवाज देऊ? पानी काय ओ देते?"

"रोज पान नाई भेटनार."

"दिसाआड द्या."

सासूबाईंनी पाटी सोडली. त्या दिवशी पाटीत दोन पानं होती.

मिस्त्रीचाचा मुसलमान होते. हे मी इतक्या उशिरा सांगते आहे, कारण बिल्डिंगीतही ते कुणी उच्चारलं नाही. बोलणी व्हायची ती भलत्याच गोष्टींची. रेंजरसाहेबांना काळजी, की गिरणीचा भुसा कपड्यांना लागून जिन्यात येईल. वकीलसाहेब म्हणाले, "माणूस लाखात एक. प्रश्न त्यांचा नाही, सोसायटीच्या दर्जाचा आहे." अडत्यांच्या बाईंनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "ते घरात अंडी उकडतील हो."

"इंजिनिअरसाहेब तर रोज खातात," मी म्हटलं.

"ते चमच्यानं खातात," त्या म्हणाल्या.

मी गप्प बसले. मी तेव्हा नेहमीच गप्प बसायची, त्यात समजूतदारपणा काही नव्हता. माझं मले-तुले दुरुस्त करायचं काम वकिलीणबाईंनी माझ्या लग्नापासून हाती घेतलं होतं, आणि तोंड उघडलं की त्यांना नवं काम मिळायचं.

मतदान रविवारी सकाळी पहिल्या मजल्यावर अध्यक्षांच्या, म्हणजे वकीलसाहेबांच्या, दिवाणखान्यात ठरलं. डॉक्टर गेलेले, म्हणून मतं पाच. आमचा हिस्सा सासऱ्यांच्या मागे सासूबाईंच्या नावावर होता. माझे यजमान शाळेत मास्तर आणि सोसायटीचे चिटणीस, पण त्यांचं काम फक्त लिहायचं. मत सासूबाईंचं, आणि त्यांच्या वतीनं ते नेऊन टाकायची मी. सासूबाईंनी सकाळीच बजावलं, "सुपारी टाक. आन् कोनाले दाखवू नको, तुले बोलून दाखवायची सवय आहे."

घरात पांढरी सुपारी शोधली तर एकच होती, आणि ती देवघरात गणपती म्हणून बसलेली होती. आदल्या दिवशी सत्यनारायण झाला होता. आता गणपतीला मतदानाला न्यावं की नाही, हा प्रश्न मला त्या घाईत झेपणारा नव्हता. मी पानाच्या डब्यात हात घातला, जी सुपारी मिळाली ती घेतली आणि वर रुमाल गुंडाळला. सुपारी ती सुपारी. गुप्तता पाळायच्या नादात मी ती स्वतःसुद्धा नीट पाहिली नाही. दिवाणखान्यात जाऊन गडव्यात हात रिकामा केला आणि फार मोठं काम केल्यासारखी दाराशी उभी राहिले.

वकीलसाहेबांनी बॅटरी लावून आत पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग चष्मा काढला आणि म्हणाले, "काळं आहे."

ते उठले आणि जाळीच्या दारातून गडवा उपडा केला. टक, टक, टक, असा आवाज खाली खाली गेला. मी दारात उभी होते, रुमाल अजून हातात होता. कुणी टाकला असेल तो मेला, असं मी मनात म्हटलं, आणि एकेकाच्या तोंडाकडे निरखून पाहत राहिले.

पुढच्या आठवड्यात एक विचित्र प्रकार झाला. वकीलसाहेब, रेंजरसाहेब, इंजिनिअरसाहेब, अडते, चौघंही कधी ना कधी आरागिरणीवर जाऊन आले. प्रत्येकानं चाचांना बाजूला घेऊन सांगितलं, की मी तर सुपारीच टाकली होती. सासूबाईंनी जाळीतून ओरडून सांगितलं, "मी सुपारी टाकली रे."

"हाव बाईसाहेब," खालून आवाज आला. "सगळ्यायनंच टाकली." आणि ते हसले. पण पाटी सोडा असं काही म्हणाले नाहीत. हत्यारांची पेटी उचलली आणि गेले.

बिल्डिंगीचा संशय सासूबाईंवर होता. म्हातारी विधवा, सोवळं पाळणारी. दुसरं कोण असणार? वकिलीणबाई मला समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "जुन्या माणसांना दोष देऊ नये." सासूबाईंच्या कानावर हे गेलंच. त्यांनी जाळीजवळचा पाट उचलायला सांगितला. "माह्यासाठी थ्यानं ही पाटी बांधली," एवढंच त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. त्यानंतर भाजी मी जिन्यानंच आणू लागले.

आणि मग एका दुपारी त्यांनी पान मागितलं. मी खिडकीपाशी बसले, अडकित्ता घेतला, डब्यातून सुपारी काढून तळहातावर ठेवली. ऊन तिच्यावर पडलं होतं. काळी, चकचकीत, वाटोळी. मी तिच्याकडे पाहत राहिले. आतून सासूबाई म्हणाल्या, "पिकवून राह्यली का सुपारी?"

मी अडकित्ता खाली ठेवला. तो मेला म्हणजे मी होते.

माणसानं लगेच उठून सांगावं की नाही? मी चार दिवस काही सांगितलं नाही. त्या चार दिवसांत मी सगळी पितळी भांडी चिंचेनं घासली, देवघर दोनदा धुतलं, डाळी उन्हात घातल्या. कदाचित कुणीतरी खराच बिबा टाकला असेल, अशी मी स्वतःची समजूत काढायची. सासूबाई भिंतीकडे तोंड करून निजलेल्या दिसल्या की ती समजूत टिकायची नाही. खरं काय ते लिफ्टच्या पोकळीच्या तळाशी पडलं होतं. पाटीच्या खिडकीतून हात तळाला पोचत नव्हता, आणि तळाचं ते दार कधीच फुगून बसलं होतं. ते उघडायची युक्ती एकट्या मिस्त्रीचाचांना माहीत होती.

पाचव्या दिवशी मी गिरणीवर निरोप धाडला, की कप्पी अडकली आहे. चाचा आले. वर पाहिलं, दोर ओढून पाहिला. कप्पी तेलपाणी केल्यासारखी फिरली.

"कप्पी तं ठीक हाय, बाई."

"चाचा, हे दार उघडा. मले आतमंदी पाहाचं आहे."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. चौकटीखालची एक खुंटी अंगठ्यानं दाबली, दार खांद्यानं जरा उचललं, आणि ते गुपचूप उघडलं. आत बिल्डिंगीचा वीस वर्षांचा संसार पडला होता. चमचे, कंगवे, लाटणं, फुटलेली बरणी, आणि रेंजरसाहेबांची कवळी, जिच्या चोरीवरून त्यांनी एका गड्याला कामावरून काढलं होतं. सगळ्यात वर, धूळ न बसलेल्या सुपाऱ्या. चाचा चौकटीला धरून कष्टानं वाकले. एक, दोन, तीन, चार पांढऱ्या. बाजूला एक काळं.

"हात नका लावू, बाई. बिबा हाय."

"बिबा नाही आहे, चाचा."

त्यांनी ती उचलली. सदऱ्याला पुसली, नाकाशी नेली. "ही तं बाईसाहेबांची चिकनी," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "कोनी टाकली?"

"मी."

ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. मी बोलणी खायच्या तयारीनं उभी होते. खरं तर त्यांनी रागवावं असंच मला वाटत होतं. ते सुपारी हातात फिरवत म्हणाले, "म्हंजे थे चौघंबी खरंच बोलून राह्यले होते."

"हो."

"आन् मी चौघायले मनात शिव्या देत होतो. दोन जुम्मे झाले." त्यांनी पाचही सुपाऱ्या रुमालात बांधल्या. "आता वर जाऊन सांगान का? जमन तुमाले?"

मी म्हटलं, जमेल. खरोखरच तसं वाटत होतं. जिना चढताना मला मोठा हुरूप आला होता. नुसता समजुतीचा घोटाळा; सांगितलं की सुटला. पाचही घरांनी हो म्हटलेलं आहे, मग अडचण ती कसली?

यजमानांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "माझ्या वर्गात असतीस तर बाकावर उभी केली असती." पण त्यांनी त्याच दिवशी सभेची नोटीस काढली. सासूबाईंना मी सांगितलं तेव्हा त्या उठून बसल्या. मला वाटलं, आता माझी खैर नाही. त्या म्हणाल्या, "पाट ठेव जाळीपाशी," आणि दोन शिव्या दिल्या, पण त्या सुटल्यासारख्या दिल्या.

सभेत वकीलसाहेबांना तेवढा आनंद झालेला दिसला नाही. कुणालाच नाही. चाचांचा रुमाल यजमानांनी टेबलावर सोडला, आणि सगळे त्या काळ्या सुपारीकडे, तिला बिब्यासारखं तेल सुटेल की काय अशा नजरेनं पाहत राहिले. वकीलसाहेब म्हणाले, "ही तीच कशावरून?" मी सांगितलं. मग ते म्हणाले, "तरी नियम असा आहे, की आत जे दिसलं ते झालं." शेवटी ठरलं, की त्याच संध्याकाळी दिवे लागायच्या आत पुन्हा मत घ्यायचं.

मला तेव्हा कळलं नाही, पण पहिल्या वेळी प्रत्येकानं सुपारी टाकली होती ती दुसरा कुणीतरी बिबा टाकीलच या भरवशावर. आता तो भरवसा उरला नव्हता.

संध्याकाळी सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "चाल. मी येतो." कित्येक वर्षांनी त्या जिना उतरल्या. एकच मजला, पण दर तिसऱ्या पायरीवर बसत, चाचांनी घडवलेल्या कठड्याला धरत, माझ्या खांद्यावर सगळा भार टाकत. दिवाणखान्यात चौघं पुरुष हाताला रुमाल गुंडाळून बसले होते. सासूबाईंच्या उघड्या तळहातावर पांढरी सुपारी होती, देवघरातली. त्यांनी ती सगळ्यांना दाखवली. "पाहून घ्या," त्या म्हणाल्या, आणि गडव्यात टाकली. वकीलसाहेब कुरकुरले, "असं दाखवायचं नसतं, वहिनी." त्यांनी लक्ष दिलं नाही.

मग बाकीचे चार हात. मग बॅटरी. वकीलसाहेबांनी या वेळी फार लवकर मान वर केली.

"काळं आहे."

ते उठायच्या आत मी पुढे झाले आणि गडव्यात हात घातला. मला अजून माहीत नाही मला काय वाटलं होतं. आणखी एखादी चिकणी असेल, असंच बहुतेक. जे काळं हाताला लागलं ते दोन बोटांत धरून बाहेर काढलं आणि तळहातावर घेतलं. चपटं, एका टोकाला निमुळतं. देठाकडून चिकट काळं तेल सुटलेलं. खराखुरा बिबा.

"कोणाचा आहे?" मी विचारलं. इतकं मोठ्यानं मी त्या दिवाणखान्यात कधी बोलले नव्हते.

इंजिनिअरसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. अडत्यांनी रुमालाची घडी घातली. रेंजरसाहेब म्हणाले, "हात धुवा आधी, उतेल तो." वकीलसाहेबांनी माझ्या दुसऱ्या हातातला गडवा काढून घेतला, जाळीशी नेला आणि उपडा केला. आत आणखी किती काळे होते, एक की तीन, ते मला आजवर माहीत नाही. नुसता आवाज ऐकला. सासूबाई कठड्याला धरून वर गेल्या. त्या नंतर पुन्हा कधी जिना उतरल्या नाहीत.

माझ्या दोन बोटांना आणि तळहाताला फोड आले. चार-सहा दिवसांनी चाचा आपला रुमाल न्यायला आले. माझा हात पाहून म्हणाले, "खोबरं चावून लावा. कोरडं नका ठेवू." मी रुमाल दिला. त्यांनी गाठ सोडून पाहिलं, पाचही सुपाऱ्या होत्या.

"चाचा, माह्या हातानं झालं हे."

"नाई. तुमच्या हातानं तं हो झालं होतं." त्यांनी गाठ पुन्हा बांधली. "या खेपी कोनीच आलं नाई गिरनीवर, बाई. एकानं टाकला आसन, कबूल. पन बाकीचे तिघं तं येऊन सांगू शकत होते." मग वर तोंड करून त्यांनी हाक मारली, "बाईसाहेब, हायेत का?" वर कप्पी करकरली आणि पाटी खाली आली. पाटीत पान होतं आणि चिकणी सुपारी.

त्या पावसाळ्यात झरपटचं पाणी घरात शिरायच्या आधीच ते आपल्या मुलीकडे राहायला गेले, ब्रह्मपुरीला. तळमजल्यावर एक निवृत्त तहसीलदार आले. गडव्यात सगळं पांढरं निघालं, सुपाऱ्या वाटल्या गेल्या. सासूबाईंनी आपल्या वाट्याची खाल्ली नाही. पुढे दारं फुगली की दुसरा सुतार यायचा, त्याला लिफ्टच्या तळाचं दार उघडता आलं नाही. तो म्हणाला, तोडावं लागेल. मग ते तसंच राहिलं.

दिवाळीनंतर वडील आले. ते आले की आधी जाळीशी जाऊन खाली-वर डोकावायचे आणि लिफ्ट आली का, अशी चौकशी करायचे. त्या दिवशी मात्र ते आधी माझ्याजवळ येऊन बसले.

"तुमचा थो म्हातारा मिस्त्री आमच्या बाजारात थ्याच्या जावयाच्या दुकानापुढं बसते," ते म्हणाले. "साऱ्यायले सांगते, का लिफ्टवाल्या बिल्डिंगीनं त्याले एकमतानं घेतलं होतं, पन त्याचे गुडघेच नाई म्हनले. रुमाल सोडून पाच सुपाऱ्या दाखवते. लोक हासतेत त्याले. मी म्हनलो, थांबा, माही पोरगी थ्याच बिल्डिंगीत राह्यते, मी विचारून येतो. खरी गोठ आहे का?"

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्यांची खाट वाजली नाही.

"खरी आहे, बाबा," मी म्हटलं.

"आन् त्यातली एक काळी काऊन आहे?"

"थे आपल्या घरची."

वडिलांनी मान डोलावली. बाजारात जाऊन काय सांगायचं ते त्यांच्या मनात पक्कं झालेलं दिसलं. मग ते उठले, जाळीच्या दाराशी गेले आणि वाकून बराच वेळ खाली पाहत राहिले.